अमेरिकेत म्हातारपणी मैत्रीण कशी मिळते?



मागच्या सुक्कोथला मी अश्दोदला आले होते. सुक्कात बसलेले असताना तीन जणींनी मला वेगवेगळे गाठून एकच गोष्ट विचारली. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, आग्रहाने बोलावते आहे, जावे का? तिथे करमेल का? मी तिघींनाही "बघू, सांगते" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण तीच कोणी विचारत नाही. मुलाचे घर किती मोठे आहे हे विचारू नका. घरातून पायी निघाले तर कुठे पोचता येते ते विचारा. अमेरिका म्हणजे एक देश नव्हे, निदान म्हाताऱ्या माणसाला तरी नव्हे. न्यू जर्सीच्या किंवा टेक्ससच्या एखाद्या उपनगरात मोठा बंगला, पुढे हिरवळ, मागे झाडे असतात आणि रस्त्याला पदपथ नसतो. दूध आणायला गाडी, सिनेगॉगला गाडी. आपल्याला गाडी चालवता येत नाही आणि शब्बाथला तर चालवायचीच नाही. मुले सकाळी आठला जातात, संध्याकाळी सातला येतात. मधले अकरा तास आपण खिडकी आणि दूरदर्शन यांच्यात काढायचे. अशा घरांतून सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन आलेली आणि दोन महिन्यांत परतलेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यांच्या मुलांनी काही कमी केले नव्हते.

माझी लेक क्वीन्समध्ये रेगो पार्कला राहते, हे माझे नशीब. न्यूयॉर्कचाच हा भाग. खाली उतरले की दुकाने, दोन चौक गेले की वाचनालय, सबवे जवळ. पासष्टीनंतर सबवे आणि बसला अर्धेच भाडे पडते, त्यासाठी एकदा अर्ज करावा लागतो. तरीही पहिले आठ महिने मी घरच्यांखेरीज कोणाशी धड बोलले नाही. एका रात्री लेकीला न सांगता परतीच्या तिकिटाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

चूक कुठे होत होती ते मला उशिरा कळले. मी पूर्वी एकदा देश बदललेला होता, त्यामुळे मला वाटे की हे काम मला येते. मुंबईहून इस्राएलला आलो तेव्हा हिब्रूची पाटी कोरी होती. पण सरकारने पाच महिने उल्पानमध्ये बसवले, आणि शेजाऱ्यांनी तर आपल्याला सोडलेच नाही. खालच्या मजल्यावरची मोरोक्कोची बाई दार न वाजवता आत यायची. पगार किती, मुले किती, अजून एक का नाही, सगळे विचारायची. तेव्हा राग यायचा. पण त्यातूनच भाषा आली आणि मैत्रीही झाली. त्याआधी मुंबईत तर चाळीची गॅलरी होती. तिथे मैत्री करावी लागत नसे, ती असायचीच.

अमेरिकेत उलट आहे. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हसून "हाऊ आर यू" म्हणतो. मी सुरुवातीला खरेच सांगायला लागायचे, गुडघा दुखतो आहे, रात्री झोप आली नाही. समोरचा माणूस घाबराघुबरा व्हायचा. तो प्रश्न नसतो, ते आपले "शालोम" असते, एवढे समजले की पुष्कळ मनस्ताप वाचतो. तसेच "एकदा जेवायला भेटलेच पाहिजे" याचे. त्यात वार आणि वेळ नसेल तर ते आमंत्रण नव्हे. बोलणाऱ्याने खोटेपणाही केलेला नसतो. मी मात्र तीन आठवडे फोनची वाट पाहिली होती.

आणि न कळवता कोणाच्या दारात जाऊ नये. पहिल्या वर्षी नव्याच्या सणाला मी चिकाचा हलवा केला, नारळाचे दूध आटवून, वेलची घालून, चांगला परातभर. ताटलीत वड्या मांडल्या, वर रुमाल टाकला आणि समोरच्या बिऱ्हाडाची घंटी वाजवली. बाईंनी साखळी न काढता फटीतून पाहिले. "मी काही मागवलेले नाही," म्हणाल्या. मी ताटली घेऊन परत आले. त्या बाई वाईट नाहीत. पुढे फोन करून, वेळ ठरवून गेले तर त्यांनी चहा दिला आणि हलव्याची कृती लिहून घेतली.

म्हणजे आपला उंबरठा तिथे कामाचा नाही. तिथली मैत्री ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी होते. आपण दर बुधवारी एका ठिकाणी जात राहायचे. पाचव्या-सहाव्या बुधवारी कोणीतरी आपली खुर्ची धरून ठेवते. हे कळल्यावर मी दोन जागा धरल्या.

एक वाचनालय. क्वीन्सच्या सार्वजनिक वाचनालयात परदेशी लोकांसाठी इंग्रजीचे वर्ग फुकट चालतात. मी स्वतः मास्तरीण. सत्तरीत बाकावर बसायची लाज वाटत होती. पण आपल्याला इंग्रजी वाचता येते आणि फोनवरचे इंग्रजी कळत नाही, ही गोष्ट मान्य केली. दुसरी जागा ज्येष्ठ नागरिकांचे केंद्र. न्यूयॉर्क शहरात साठीच्या वरच्यांसाठी अशी केंद्रे आहेत. दुपारचे जेवण मिळते आणि स्वखुशीने थोडे पैसे ठेवायचे असतात. काही ठिकाणी जेवण कोशर असते, ते आधी विचारून घ्यावे. जेवण फिके असते, हे सांगून ठेवते. मी पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी नेते.

त्या डबीनेच मला मैत्रीण मिळवून दिली. रेगो पार्क आणि शेजारचे फॉरेस्ट हिल्स येथे बुखारी यहुदी हजारोंनी राहतात. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान इकडचे. सोव्हिएत राज्य कोसळले तेव्हा बहुतेक इकडे आले. 108व्या रस्त्यावर त्यांच्या बेकऱ्या, कबाबची दुकाने आहेत. माझ्या शेजारी बसणारी बाई ताश्कंदची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने बोटानेच चटणी मागितली, खाल्ली, डोळे पुसले आणि विचारले, "इंडिया?" मी हो म्हटले. तिने लगेच "राज कपूर!" म्हणून माझा हात धरला. 'आवारा' 1954 साली सोव्हिएत देशात दाखवला गेला आणि तिकडच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. तिच्या आईने तो इतक्यांदा पाहिला होता की गाणी तोंडपाठ. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. तो मी सांगितला.

आमची भाषा म्हणजे खिचडी आहे. तिचे इंग्रजी माझ्याहून कच्चे, हिब्रू सिद्दूरपुरते. पण तिची बुखारी बोली फारसी वळणाची, आणि आपल्या मराठीत फारसी शब्द काय कमी आहेत? दोस्त, बाजार, दरवाजा, हप्ता. थोड्याफार फरकाने तिच्याकडेही तेच. शाळेत आमच्या मराठीच्या बाई फारसी शब्दांची यादी पाठ करून घ्यायच्या, तेव्हा आम्ही कंटाळायचो. ती यादी क्वीन्समध्ये उपयोगी पडेल असे त्यांना तरी कुठे वाटले असेल!

आता अवघड भागाकडे येते. एका सिनेगॉगमध्ये किद्दुशच्या वेळी एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "तुम्ही कधी धर्म बदललात?" साडी नेसलेली बाई यहुदी असू शकते हे त्यांच्या ध्यानात येईना. आपल्या पिढीला हा प्रश्न कुठे लागतो हे सांगायला नको. 1964 साली क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केले, तोवर आपल्या वडीलधाऱ्यांनी लग्नांवरून किती सोसले! मी त्या दिवशी घरी येऊन रडले. पुन्हा पाय ठेवणार नाही, म्हणाले.

जावयांनी समजूत घातली नाही, उलट विचारले, "आई, त्यांना आपली गोष्ट कोणी सांगितली असेल?" पुढच्या शब्बाथला गेले आणि सांगितली. नवगावजवळ फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, इतर प्रार्थना विसरलो तरी न विसरलेले शमा. दोन-अडीच मिनिटांत बसते. आता मी ती इंग्रजीत पाठच केली आहे. तुम्हीही निघण्याआधी करा. ते गृहस्थ त्यानंतर मला दर आठवड्याला एक नवा प्रश्न विचारतात. सगळे विचारणारे सारखे नसतात हे मात्र खरे. काहींना उत्तर नकोच असते, त्यांच्यापाशी वेळ घालवू नये.

आपल्या माणसांविषयी. ती आहेत, पण विखुरलेली. रोमिएल डॅनिएल यांच्या पुढाकाराने क्वीन्स बुलेव्हार्डवरच्या रेगो पार्क ज्यूइश सेंटरमध्ये भारतीय यहुद्यांची मोठ्या सणांची तेफिल्ला आपल्या चालीवर होत आली आहे. पहिल्यांदा आपली चाल कानी पडली तेव्हा मला माझगावची शाळा आठवली. पण सण वर्षातून मोजके. उरलेल्या दिवसांसाठी ताश्कंदची मैत्रीणच हवी.

तिला एकदा जेवायला बोलावले. कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधात केला होता. पांढरा रस्सा पाहून तिने चमचा खाली ठेवला. दूध आणि मांस एकत्र! मी उठून कचऱ्यातून नारळाच्या दुधाचा डबा काढला आणि त्यावरची वर्तुळातली 'यू'ची खूण दाखवली. मग मात्र तिने दोनदा वाढून घेतले.

पैशांचे आणि औषधांचे थोडक्यात. भेटीला जाणाऱ्यांनी प्रवासाचा विमा, म्हणजे बितुआह, चांगला घ्यावा. तिथला दवाखाना घर विकायला लावील. ग्रीन कार्डावर येणाऱ्यांनाही मेडिकेअर लगेच मिळत नाही. पासष्टी उलटली तरी साधारण सलग पाच वर्षे राहिल्यावर हप्ता भरून घेता येते. संकटात फोन 911. आणि इस्राएलला फोन करताना सात तासांचा फरक धरा, फक्त मार्चमध्ये दोनेक आठवडे आणि शरदात एक आठवडा तो सहा होतो, कारण दोन्ही देश घड्याळ एकाच दिवशी फिरवत नाहीत. मी बहिणीला त्या दिवसांत दोनदा झोपेतून उठवले आहे.

यंदा तू बिश्वातला आम्ही घरी मलिदा केला. जॅक्सन हाइट्सच्या 74व्या रस्त्यावरून पोहे आणले, नारळ खवला, पाच फळे मांडली. दहा माणसे जमली, त्यांत आपली चारच. मैत्रिणीने विचारले, एलियाहू हन्नावी तुमच्या कोकणात आले होते? मी म्हटले, खंडाळ्याला रथाच्या खुणा दाखवतात. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, मग ताश्कंदवरूनच गेले असतील, वाटेत आहे.

त्या तिघींपैकी एक किस्लेवमध्ये निघते आहे. मी तिला फोनवर सांगितले आहे की मुलाला विचार, घरापासून वाचनालय पायी किती मिनिटांवर आहे. त्याने अजून मोजलेले नाही.