अणूने मोजलेला प्रकाश

एक मिलिवॅटच्या लाल लेझर पॉइंटरमधून दर सेकंदाला सुमारे ३० कोटी कोटी फोटॉन बाहेर पडतात. इतक्या गर्दीत एकेका कणाला कोण विचारतो? शिवाय लेझरचा प्रकाश सुसंगत, म्हणजे त्याच्या लाटा शिस्तीत, एका तालात चालणाऱ्या. असा प्रकाश निव्वळ लाटच वाटतो. पण तोच अगदी क्षीण करून एकट्या अणूपुढे ठेवला, की अणू त्यातले कण मोजून दाखवतो.

योग्य वारंवारितेचा प्रकाश मिळाला की अणू खालच्या ऊर्जापातळीवरून वर जातो. प्रकाश चालूच राहिला तर तो पुन्हा खाली येतो, परत वर जातो. या ये-जा करण्याला राबी दोलन म्हणतात. १९६३ मध्ये एडविन जेन्स आणि फ्रेड कमिंग्ज यांनी प्रकाशही पुंजांचाच, म्हणजे सुट्या फोटॉनचाच, धरून हे गणित मांडले. दोलनाचा वेग ठरतो फोटॉनच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या वर्गमुळावर. त्या अधिकच्या एकामुळे एकही फोटॉन नसलेल्या, आरशांनी बंदिस्त पोकळीतसुद्धा उत्तेजित अणू फोटॉन सोडतो आणि तोच परत घेतो.

सुसंगत प्रकाशात फोटॉनची संख्या मात्र ठरलेली नसते. सरासरी चार असली तरी मोजताना कधी दोन सापडतील, कधी सहा. या प्रकाशाचे पुंजगणित त्याच वर्षी रॉय ग्लॉबर आणि पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले जॉर्ज सुदर्शन यांनी मांडले.

संख्या अनेक, म्हणून दोलनाचे वेगही अनेक. दिंडीतल्या प्रत्येक टाळकऱ्याने आपापली लय धरली तर पहिले काही ठोके एकत्र पडतील, मग नुसता गलका होईल. अणूचे दोलनही असेच विरते. यात नवल नाही. प्रकाशाची तीव्रता जरा कमीजास्त होत असली तरी तेच होईल. नवल पुढे आहे. काही वेळाने दोलन पुन्हा उमटते! जोसेफ एबर्ली आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे भाकीत केले. फोटॉन तीन असतील किंवा चार, साडेतीन नाहीत. म्हणून लयीही सुट्या, मोजक्या असतात आणि त्या पुन्हा जुळू शकतात. तीव्रता सलग असती तर मधल्या असंख्य लयींनी हा मेळ कधीच जमू दिला नसता. वर्गमुळांमुळे तो पूर्ण जमत नाही, एवढेच. १९८७ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथे हर्बर्ट वाल्थर यांच्या गटाला हे पुनरुज्जीवन प्रत्यक्ष दिसले.

सर्वांत बोलका पुरावा १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने दिला. रुबिडियमच्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ५१व्या पातळीवर चढवला की अणू नेहमीपेक्षा शेकडो पटींनी मोठा होतो आणि सूक्ष्मलहरींना, म्हणजे लांब लाटांच्या प्रकाशाला, कमालीचा संवेदनशील बनतो. असे अणू निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशापेक्षाही कमी तापमानावर ठेवलेल्या नायोबियमच्या दोन आरशांमधून जात. आरशांमध्ये सुसंगत सूक्ष्मलहरी असत, सरासरी दोनहून कमी फोटॉनच्या. बाहेर पडलेल्या अणूचा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने ओढून काढायचा आणि तो ५१व्या पातळीवर होता की फोटॉन सोडून ५०व्या, हे पाहायचे. एका अणूकडून एकच उत्तर मिळते, म्हणून हाच उद्योग पुन्हा पुन्हा करायचा.

आलेख गुंतागुंतीचा आला. त्यातल्या वारंवारिता सुट्या केल्यावर मात्र १, १.४१, १.७३ आणि २ या प्रमाणात शिखरे दिसली: १, २, ३, ४ यांची वर्गमुळे. शिखरांच्या उंचीवरून शून्य, एक, दोन किंवा तीन फोटॉन असण्याची शक्यताही कळली आणि ती सुसंगत प्रकाशाच्या गणिताशी जुळली.

आरोश यांना २०१२ मध्ये डेव्हिड वाइनलँड यांच्यासह नोबेल मिळाले. एव्हाना त्यांचे आरसे इतके सुधारले होते की फोटॉन त्यांच्यात सरासरी ०.१३ सेकंद टिके. तेवढ्या वेळात एकामागून एक अणू धाडून, फोटॉन न गिळता त्याची हजेरी घेता येऊ लागली.