फ्रिक्शन स्टिअर वेल्डिंग : टूल नेमकं कुठे ठेवायचं?

मंडळी, अमरावती असो की अकोला, अॅल्युमिनियमचा जोड करायचा म्हटलं की आपल्याला एमआयडीसीतला आरगॉनवाला आठवतो. तो धातू वितळवून जोडतो. आज आपण ज्या पद्धतीबद्दल बोलतोय, तिच्यात धातू वितळतच नाही. इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय या संस्थेत १९९१ साली ही पद्धत निघाली. आपल्या इस्रोनं २०१८ मध्ये पीएसएलव्ही-सी४१ च्या इंधनटाक्यांसाठी ती वापरली.

काम तसं सोपं दिसतं. दोन पट्ट्या एकमेकींना भिडवून बेडवर आवळायच्या आणि फिरतं टूल सांध्यावर उतरवायचं. टूलची पिन धातूत शिरते, वरचा रुंद शोल्डर पृष्ठभागावर घासतो. घर्षणानं अॅल्युमिनियम मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं. पिन ते घुसळत पुढे जाते, शोल्डर मागून दाबत येतो.

विद्यार्थी आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, सर, आरपीएम किती ठेवायचा? टूल कुठे ठेवायचं, हे फार थोडे विचारतात. खरं सांगायचं तर आम्हीही आधी विचारलं नव्हतं.

साध्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवर ६ मिमी जाडीच्या, ३०० मिमी लांबीच्या पट्ट्या आम्ही जोडल्या. शोल्डर १८ मिमीचा, पिन वर ६ आणि टोकाला ३ मिमी, लांबी ५.७ मिमी. जोड वरून इतका सुरेख आला, की सगळ्यांनी फोटो काढले. मग तुकडे कापून, खालची बाजू बाहेर येईल असे वाकवले. सुरुवातीचा तुकडा छान वाकला. शेवटचा मात्र खालून वहीसारखा उघडला!

कारण शोधलं तर पट्टी बेडवर अर्धा अंश तिरपी बसली होती. अर्धा अंश म्हणजे काय हो? डोळ्याला कळतही नाही. पण ३०० मिमीच्या शेवटी सांधा टूलच्या वाटेपासून अडीच मिमीहून जास्त बाजूला जातो. वर पिनची त्रिज्या ३ मिमी, तिथे सांधा सापडतो. टोकाशी ती फक्त दीड मिमी, म्हणजे तळाचा सांधा साधारण १७० मिमीनंतरच निसटलेला. आणि शोल्डर एवढा रुंद, की वरून सगळं झाकून टाकतो. हा जोड एखाद्या गाडीच्या चौकटीत बसला असता तर? फोटो तर चांगलाच आला होता.

खोलीचंही तसंच आहे. पिन फार वर राहिली तर तळ न जुळता राहतो, फार खाली गेली तर खालच्या आधारपट्टीला लागते. टूल मागे दोनेक अंश कललेलं ठेवतात, म्हणजे शोल्डरची मागची कड माल दाबून बसवते.

आता डावं-उजवं. वरून बघता टूल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतंय आणि आपल्यापासून दूर जातंय, असं समजा. डाव्या अंगाला फिरणं आणि सरकणं एकाच दिशेला, ही अॅडव्हान्सिंग बाजू. उजवीकडे ते परस्परविरुद्ध, ती रिट्रीटिंग. आतला पोकळ बोगदा बहुधा अॅडव्हान्सिंग बाजूला सापडतो, म्हणून जोड कापून पाहताना नजर आधी तिकडे.

दोन्ही पट्ट्या एकाच मिश्रधातूच्या असतील तर पिन सांध्याच्या मधोमध. पण अॅल्युमिनियमला तांबं जोडायचं असेल तर मधोमध ठेवून चालत नाही. आपल्या शेतातल्या डीपीपाशी हे दोन धातू भेटतातच. अशा वेळी तांबं सहसा अॅडव्हान्सिंग बाजूला ठेवतात आणि पिन अॅल्युमिनियमकडे सरकवतात, तांब्याला नुसती चाटून जाईल इतकी. तांब्यात जास्त शिरली तर त्याचे मोठे तुकडे सुटून अॅल्युमिनियममध्ये अडकतात आणि दोघांची ठिसूळ संयुगं वाढतात. काचेसारखी.

आम्ही आता पट्टीच्या कडेनं डायल गेज फिरवल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. क्लॅम्प आवळताना पट्टी हलते, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा फिरवतो.