जळूला दगडही लागतो

वालूरच्या शिवारातल्या एका मातीच्या शेततळ्यात ओढजाळं फिरत होतं. रोहू, कटला, मृगळ काठावर आले, की तळ्याचे मालक काट्यावर घालण्याआधी एकेक मासा तपासत. आधी परांची मुळं, मग तोंडाच्या कडा, शेवटी बोटानं झाकण उचलून कल्ले. "खवल्यावर नसती ती. मऊ जागा बघून धरती," ते म्हणाले.

एका रोहूच्या पराशी ती सापडली. हिरवट, चपटी, नखाएवढी. ओढली तर ताणून दुप्पट झाली, पण मागचा चूषक सुटेना. मासा मिठाच्या पाण्यात धरला, तेव्हा कुठे गळून पडली. खाली लालसर ठिपका राहिला. वैद्य वापरतात त्या जळूला तीन जबडे असतात. माशांवरच्या बहुतेक जळवांना जबडे नसतात, त्या तोंडातली बारीक सोंड माशात खुपसतात. पोट भरलं की मासा सोडून देतात. त्यामुळे नुसते मासे तपासून जळवांचा हिशेब लागत नाही.

म्हणून आम्ही काठचे दगड उलटले. एका दगडाच्या पोटाशी तशीच एक जळू कमान करून बसली होती, आणि तिच्याखाली फिकट अंडी. भारतातल्या गोड्या पाण्यात आढळणारी हेमिक्लेप्सिस ज्या कुळातली, त्या कुळाची हीच रीत आहे. आई अंड्यांवर पांघरूण होते, पिल्लं तिच्या पोटाला चिकटून राहतात आणि तिच्यासोबतच पहिल्या माशापर्यंत पोहोचतात.

ध्रुवाकडच्या समुद्रातल्या माशांवरही जळवा आहेत. अंटार्क्टिकाच्या हिममाशांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, ते पाण्यासारखं रंगहीन असतं; तरी त्यांच्या डोक्यावर जळवा असतातच. म्हणजे तिथे रक्ताची अडचण नाही. अडचण येते ती जागेची. अंड्यांचे कोष चिकटवायला काहीतरी टणक हवं, आणि तिथल्या समुद्राचा तळ कित्येक ठिकाणी नुसता गाळाचा.

रशिया आणि नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या बॅरेंट्स समुद्रात योहान्सोनिया आर्क्टिका ही जळू खेकड्याच्या कवचावर कोष चिकटवते. खेकड्याचं रक्त तिला नको असतं. ते ती माशाचंच पिते. 1960च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधला लाल राजखेकडा आणून या समुद्रात सोडला. तो फोफावला आणि जळवांना अंडी घालायला भरपूर नवी जागा मिळाली. हीच जळू कॉड माशाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा हा परजीवी सोडते. त्यामुळे खेकडे वाढले तर कॉडचा आजारही वाढेल का, हा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला. माशाच्या दुखण्याचा माग काढायचा तर आता खेकडे मोजणं आलं.

वालूरच्या मालकांना हे गणित वेगळ्या वाटेनं ठाऊक आहे. उन्हाळ्यात तळं आटलं, की ते काठचे दगड आणि पाणवनस्पती काढतात, तळाला भेगा पडेपर्यंत ऊन देतात आणि मग कळीचा चुना मारतात. त्या वेळी तळ्यात एकही मासा नसतो. जळवांवरचा खरा इलाज मात्र तेव्हाच होतो. मिठाचं पाणी एका माशाला मोकळं करतं. उन्हानं आणि चुन्यानं पुढची पिढीच कमी होते. बॅरेंट्स समुद्र असा आटवता येत नाही, आणि तिथल्या दगडांना पाय आहेत.