न्हाणीघराचा आडोसा : काच घ्यावी की पडदा?

घर बांधताना आपला माणूस दिवाणखान्याच्या फरशीसाठी दहा दुकाने फिरतो, पण न्हाणीघरातला आडोसा मात्र दुकानदार सांगेल तो घेऊन मोकळा होतो. आम्हीही तेच केले. आम्ही कापडाचे व्यापारी, काच हा आमचा धंदा नव्हे. तरीही त्या काचेने जो धडा दिला, तो व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावासा वाटतो.

भिवंडीतील आमच्या घरचे न्हाणीघर साडेचार फूट रुंद व सात फूट लांब आहे. एका टोकाला शॉवर, दुसऱ्या टोकाला कमोड, मध्ये बेसिन. एकाने आंघोळ केली की सारी फरशी ओली. एका पहाटे आमच्या वालिदा बेसिनजवळ घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले. ओली जागा व कोरडी जागा वेगळी करायची, असे आम्ही त्या दिवशी ठरवले आणि दुकानात जाऊन दुधी काचेचा दरवाजा पसंत केला.

दुकानदाराने मापे घेतली, पण घरात आंघोळ कोण करते व कशी करते, हे विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. दरवाजा आत उघडणारा बसवला गेला. वालिदा स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करतात. एकदा आत बसल्या असतानाच त्यांना चक्कर आली. सुनेने दार ढकलले तर ते स्टुलाला अडले. काचेतून सावली दिसत होती, पण हात पोचत नव्हता. दोन मिनिटांनी त्या स्वतःच सावरल्या. ती दोन मिनिटे घरात कोणी विसरलेले नाही. त्याच आठवड्यात आम्ही दार काढून टाकले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, शॉवरचे दार बाहेर उघडणारे हवे किंवा सरकते हवे. जागा लहान असेल तर दार नकोच. दोन-अडीच फुटांची एक स्थिर काच शॉवरच्या बाजूला उभी करावी आणि उरलेल्या जागेत पडदा लावावा. आज आमच्या घरी हीच व्यवस्था आहे.

काच घेताना

काच टफन केलेलीच घ्यावी. ही काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटली तरी सुरीसारखे लांब तुकडे न होता बारीक दाणे होतात. कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस 2553 हा क्रमांक पाहून घ्यावा. बिनचौकटीच्या कामाला 8 किंवा 10 मिलिमीटर जाडी लागते. साडेसहा फूट उंच व तीन फूट रुंद अशी 8 मिलिमीटरची काच सुमारे 36 किलो भरते. म्हणून ती धरणारे क्लॅम्प, बिजागऱ्या व स्क्रू 304 स्टीलचे असावेत आणि ज्या भिंतीत ते बसतात ती भिंत पोकळ नसावी.

टफन केल्यानंतर काच कापता येत नाही, की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून माप टाइल्स बसल्यावरच घ्यावे, आणि तेही खाली, मध्ये व वर अशा तीन ठिकाणी. आपल्याकडच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. पाव इंचाची चूक झाली तर सारी काच वाया जाते.

बोअरचे पाणी असलेल्या घरात काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडतात. आंघोळीनंतर रोज वायपर फिरवणारे कोणी नसेल, तर काचेचा हट्ट धरू नये.

पडदा घेताना

आता आमच्या धंद्याची गोष्ट. सुती पडदा न्हाणीघरात लावू नये. कापडाच्या व्यवहारात सुताची ओल साडेआठ टक्के धरतात, पॉलिस्टरची अर्धा टक्काही नाही. सूत वाळत नाही आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. प्लास्टिकचा पडदा स्वस्त पडतो, पण काही दिवसांत ताठ होऊन चिरतो. पाणी न धरणारे फिनिश दिलेले पॉलिस्टर सर्वांत बरे, कारण ते धुताही येते. शिवणीचा दोराही पॉलिस्टरचाच असावा. नाही तर कापड शाबूत राहते आणि शिवण आधी कुजते. पडद्याची रुंदी जागेच्या दीडपट ठेवावी, तळाच्या दुमडीत वजन घालावे म्हणजे तो अंगाला चिकटत नाही, आणि फरशीपासून दोन इंच वर राखावा.

मात्र काच असो वा पडदा, दोन्ही फक्त उडणारे पाणी अडवतात. वाहणारे पाणी अडवतो तो फरशीचा उतार. जाळीकडे फुटाला पाव इंच उतार नसेल, तर महागड्या काचेखालूनही पाणी बाहेर येणारच. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हे विशेष ध्यानात ठेवावे. खर्चाची सुरुवात मिस्त्रीपासून करावी.

काच बसवणारे, ॲल्युमिनियमचे काम करणारे आणि शिलाई करणारे कितीतरी बांधव हे पान वाचतात. तयार पडदे ठरावीक मापाचे येतात, आपली न्हाणीघरे मात्र तशी नसतात. मापावर शिवून देणाऱ्या कारागिराला इथे काम आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर टेप काढण्याआधी एवढे विचारा की घरात बुजुर्ग कोण, लहान मूल कोण, आंघोळ शॉवरने की बादलीने. काही शे रुपयांच्या पडद्यात काम भागत असेल तर तसे स्पष्ट सांगा. त्या दिवशी नफा कमी होईल, पण तोच गिऱ्हाईक पुढे दहा घरे दाखवील. आमच्या दुकानदाराने हा एक प्रश्न विचारला असता, तर आज आम्ही त्याचे नाव इतरांना आनंदाने सांगितले असते.