पडीक म्हणून नोंदलेले माळरान

हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवतात. उपग्रहाने टिपलेल्या या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की –1 ते +1 यांदरम्यानचा ‘वनस्पती निर्देशांक’ मिळतो, जो उघड्या पाण्यावर बहुधा शून्याखाली उतरतो. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रातील एक पिक्सेल जमिनीवरील 10 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो, तर अमेरिकेच्या लँडसॅटचा 30 मीटरचा.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरानांच्या बाबतीत मात्र चित्र कोणत्या महिन्यातले आहे, हाच प्रश्न कळीचा ठरतो. सप्टेंबरात हिरवेगार असलेले मारवेल-कुसळीचे गवत फेब्रुवारीपर्यंत वाळून पिवळे पडते, निर्देशांक घसरतो आणि लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा व धाविक पक्षी यांचा नांदता अधिवास उजाड मुरमाड जमिनीच्या खात्यात जमा होण्याचा धोका उद्भवतो. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहातही झुडपी जमीन पडीकच गणली जाते, आणि हे वर्गीकरण निरुपद्रवी नाही, कारण पडीक ठरलेल्या जागेवर वृक्षलागवड किंवा सौर प्रकल्प सुचवणे फार सोपे असते. वर्षभराची चित्रे क्रमाने लावली, तर पावसाळ्यात चढून हिवाळ्यात उतरणारा आलेख गवताळ माळ ओळखून देतो. रब्बी ज्वारीच्या शेताचा आलेख हिवाळ्यात चढतो, आणि खरोखर उघड्या खडकाचा वर्षभर जवळपास सपाट राहतो.