घाट उतरताना

महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्या रविवारी दुपारी पसरणीचा घाट उतरून वाईत शिरतात, तेव्हा काहींच्या चाकांपाशी जळकट, उग्र वास येत असतो. आत मंडळी स्ट्रॉबेरीच्या खोक्यांत आणि चण्यांच्या पुड्यांत गुंतलेली. कुणाला वाटते, रस्त्याकडेला टायर जाळला असेल. तो वास आपल्याच ब्रेकच्या लायनरचा असतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 4,500 फूट उंच. दुसऱ्या अंगाने, आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले, तर चाळीसएक किलोमीटरांत ती जवळजवळ सगळी उंची संपते. हजार किलोची मोटार एवढी खाली येते, तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर दोन बादल्या गार पाणी उकळेल. दहा टनांची बस असेल, तर वीस बादल्या! यातली थोडी ऊर्जा हवेचा विरोध खातो. उरलेली, पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर चाकांतच उष्णता होऊन साठते. लायनर फार तापले की पकड सुटते. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला टेकले तरी गाडी थांबत नाही. बातमीत ‘ब्रेक फेल’ एवढेच छापून येते. आधीच्या दहा किलोमीटरांत ब्रेकवर काय गुदरले, ते येत नाही.

घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि इंजिन त्यांना ओढून धरते. आवाज वाढतो. शेजारून विचारणा होते, “अहो, गाडी एवढी का ओरडतेय?” ओरडू द्यावी.

गिअर निवडायचा तो उतार सुरू होण्याआधी. प्रथम ब्रेकने वेग कमी करावा, मग चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, आणि क्लच हलकेच सोडावा. वेगात एकदम दुसरा टाकला तर झटका बसतो. पावसात निसरड्या वळणावर चाके घसरूही शकतात. त्यानंतर ब्रेक लागेल तेवढाच, दाबून सोडायचा. क्लच दाबूनच उतरणारे महाभाग असतात. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखीच आहे. ऑटोमॅटिक गाड्यांतही बहुधा खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, पण ती पुस्तिका कोण उघडतो?

न्यूट्रलने पेट्रोल वाचते, हा समज मोठा चिवट. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहते. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका मालमोटारीने ओळीने अनेक वाहने चेपली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे पोलिसांच्या तपासात पुढे आले. महाबळेश्वरहून पुण्याला येणारी मंडळी कात्रजचा नवा बोगदा ओलांडून याच उतारावरून घरी पोहोचतात.

पेडल खोल जाऊ लागले, तर घाबरून गिअर काढू नये. एकेक गिअर खाली घ्यावा, पेडल भराभर दाबून पाहावे, हँडब्रेक थोडा थोडा ओढावा. नुसता वास आला, तरी रुंद जागा पाहून थांबावे, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास जाऊ द्यावा. चाकावर पाणी ओतू नये. तापलेली डिस्क तडकू शकते. पसरणीच्या घाटात थांबला असाल, तर तेवढ्या वेळात मुलांना खालचे धोम धरणाचे पाणी दाखवता येते.