गिलाव्याविना भिंत

गवंडीकामात गिलावा ही मोठी सोय आहे. थर वाकडा गेला, विटांमधली दरज एकीकडे जाड झाली, विटेचा कोपरा उडाला, तरी वरून माल चढला की सगळं झाकलं जातं. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या जुन्या आवारात ही सोय नव्हती. वास्तुकार लुई कान यांनी तिथली वीट उघडी ठेवली, त्यामुळे गवंड्याच्या हाताचा प्रत्येक निर्णय पन्नासहून अधिक वर्षांनीही वाचता येतो.

संस्था १९६१ साली स्थापन झाली. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई तिच्यामागे उभे होते. कान यांना अमेरिकेतून बोलवावं हा आग्रह वास्तुकार बाळकृष्ण दोशींचा. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे.जे.त. १९६२ मध्ये काम सुरू झालं. फिलाडेल्फियात कान यांच्या हाताखाली काम केलेले अनंत राजेही जे.जे.चेच. १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचं निधन झालं, त्यानंतर आवाराचं काम राजे यांनी पुढे नेलं.

पण मला थांबावंसं वाटतं ते कमानींपाशी. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. म्हणून रुंद दारावर वीट टाकायची तर कमान हवी, आणि कमान जितकी चपटी तितकी ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटते. कान यांनी कमानीच्या दोन पायांमध्ये काँक्रीटची आडवी पट्टी घातली. धनुष्याची दोरी दोन्ही टोकं ओढून धरते, तशी ही पट्टी कमानीचे पाय धरून ठेवते. दाब विटेकडे, ताण काँक्रीटमधल्या सळईकडे. ही वाटणी लपवलेली नाही. तांबूस विटेत करडी पट्टी लांबूनही दिसते.

मोठी गोल भोकं त्याहून कठीण. वरच्या अर्ध्या वर्तुळाला खालून साचा देता येतो. खालचं अर्धं म्हणजे उलटी कमान. भूकंपात जमीन हलली की भिंतीवरचा जोर फक्त वरून येत नाही, त्यासाठी ती. ती बांधताना प्रत्येक वीट मध्यबिंदूच्या दिशेने वळलेली हवी. वीट चौकोनी, वर्तुळ गोल. हा फरक दरजेने पोटात घ्यायचा. आतल्या कडेला बारीक, बाहेरच्या कडेला किंचित रुंद, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत सारखं. सरळ भिंतीत ओळंबा आणि दोरी साथ देतात. इथे नजर आणि थापीवर जास्त भिस्त.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने या इमारतींना तडे गेले. त्याआधीपासून पाणी मुरत होतं. भिंतींना लोणा धरला होता, विटांमध्ये घातलेल्या सळ्या गंजत होत्या. गंजलेली सळई फुगते आणि आपल्याभोवतीची वीट फोडते. हा दोष खरा आहे, प्रेमापोटी तो नाकारू नये.

विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या कार्यालयाने केली. या दुरुस्तीला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. अशा कामात एक कुजलेली वीट बदलणं म्हणजे शेजारच्या विटांना धक्का न लावता जुना माल खरवडायचा, मापाची आणि भाजणीची जोड शोधायची, ती भिजवून बसवायची आणि दरज जुन्या दरजेच्या खोलीशी जुळवायची. गिलाव्याचं काम करणाऱ्या हातांना हे नव्याने शिकावं लागतं.

पुरस्काराला दोन वर्षंही झाली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ वसतिगृहांपैकी १४ पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला, १ जानेवारी २०२१ रोजी निर्णय मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही इमारती पुन्हा नव्याने बांधण्याच्या यादीत आल्या. ग्रंथालय त्या यादीत नव्हतं. त्याच आवारात, तशाच विटेच्या त्या इमारतीत मुलं वाचत बसली होती.